मी चालायला लागलो आणि सासरे गेले

डॉक्टर नीलांबरीताईंनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि आकडा बघून माझ्याकडं न बघता माझ्या बायकोकडं बघितलं. तिथंच मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

"रोज चाला. सुरुवात हळू करा, मग वेग वाढवा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकाच वेग. महिन्याभरात प्रेशर उतरलं नाही तर गोळ्या सुरू करू."

वसमतला हळदीच्या अडतीवर मी मुनीम. दिवसभर गादीवर बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याबरोबर चहा घ्यायचा, एवढीच माझी हालचाल. (चहा मागवताना हात वर करतो, तो व्यायामात धरला तर थोडी जास्त.) पण घरी आल्यावर बायको, शिवकन्या, रडायलाच लागली.

"माझ्या बाबाला ह्या वयात काही न्हाई, आन तुमाला काहून? तुमाला काही झालं तर मी कोणाकडं बघू?"

बायको रागावली की मला छान झोप लागते. ती रडली की मात्र लागत नाही. चालायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत निघालो. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, घाम पुसायला खांद्यावर पांढरी दस्ती. रस्ता धरला औंढ्याचा. त्याच रस्त्यावर पुढं शिरड शहापूर, म्हणजे माझी सासुरवाडी, हे डोक्यातच आलं नाही. सुरुवात हळू करायची हेही आलं नाही. पहिल्या झाडापासूनच मी सुसाट सुटलो.

गावाबाहेर शिरडच्या जळबाचं चहाचं हॉटेल आहे. त्यानं मला बघून कप धुवायलाच घेतला.

"या पाव्हणं, चहा घ्या. इतक्या सकाळी कुठं?"

गाणं राहू द्या, मला 'हूं' म्हणायला दम उरला नव्हता. मी चहाला हातानंच नको म्हणालो, छातीवर हात ठेवला (धाप लागलीय), समोरच्या चढाकडं बोट केलं (तिथवर जाऊन येतो) आणि पुढं निघालो.

आता जळबाच्या जागी बसून बघा. चहाला कधी नाही न म्हणणारा जावई पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर दस्ती टाकून, तोंडातून शब्द न काढता सासुरवाडीच्या दिशेनं झपाझप चाललाय. आमच्याकडं मयतीला निघालेला माणूस वाटेत चहा घेत नाही. जळबानं मोबाईल काढला.

चढावर पोचून मी दगडावर टेकलो तो बराच वेळ उठलोच नाही. समोरून गाड्यांमागून गाड्या शिरडकडं जात होत्या. आज कुणाची सोयरीक असावी, असं मला वाटलं. तेवढ्यात एक ऑटो थांबला. आत शिवकन्या, डोळे रडून लाल.

"एकटेच पायी निघालात? मला उठवायचं बी न्हाई?"

"अगं, झालं काय?"

तिनं मोबाईल पुढं केला. सासऱ्यांचा फोटो, भोवती फुलं, खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

मी ऑटोतच हंबरडा फोडला. ग्यानबामामांवर, म्हणजे सासऱ्यांवर, माझा फार जीव. बातमीचा उगम मी स्वतः आहे हे ठाऊक नसल्यामुळं अगदी मनापासून रडलो. शिरडपर्यंत शिवकन्याच मला धीर देत होती.

दारात ही गर्दी. आम्ही उतरलो आणि त्याच वेळी शेतात हळद शिजवायला गेलेले सासरे पिवळ्या हातांनी समोरून आले.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"तुमी," कुणीतरी सांगितलं.

शिवकन्यानं धावत जाऊन बापाच्या गळ्यात मिठी मारली. मग चौकशी झाली. सगळ्यांनी हॉटेल बंद करून आलेल्या जळबाकडं बोट दाखवलं आणि जळबानं माझ्याकडं. मी ऑटोमागं लपून पाहिलं, पण माझ्या देहाला ऑटो पुरत नाही.

मामा मात्र जाम खूश. बांधाच्या भांडणापासून न बोलणारा शेजारच्या शेतातला देवला ओक्साबोक्शी रडत आला होता. त्याला त्यांनी आपल्या शेजारी बसवलं, सगळ्यांना चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "कोण कोण येतंय ते जितेपणीच बघून घेतलं. पण ह्या जावयाला एकटं चालायला सोडणं बराबर न्हाई. हळद उरकली की मी येतो वसमतला."

आले, आणि रोज मला घेऊन चालायला लागले.

मुदत संपल्यावर आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. पट्टा, फुगा, आकडा. या वेळी डॉक्टर हसल्या.

"उतरलं की. गोळीची गरज नाही."

शिवकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं, या वेळी आनंदाचं. मीही छाती पुढं काढली. "चालण्याला पर्याय नाही, डॉक्टर," मी म्हणालो.

सासरे खोटं बोलत नाहीत. "चालतो मी," ते म्हणाले. "हे कुणाच्या बी फटफटीवर बसून पुढं जातेत आन जळबाकडं माझी वाट बघतेत."

"मग प्रेशर कशानं उतरलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"महिना झाला, सैपाकात मीठ निम्मंच टाकून राहिले," शिवकन्या म्हणाली. "लोणचं-पापड बी लपवून ठेवले. त्यांना कळलं न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "म्हणजे महिनाभर ह्यांनी स्वतः काय केलं?"

"जेवले," शिवकन्या म्हणाली.