जगन अण्णांचा हुकूम

आमच्या प्रकाशा गावातल्या जगन अण्णांनी कॉम्प्युटरचा सीडीचा ट्रे बटण दाबून कधीच उघडला नाही. पडद्यावर कमांड लिहायची काळी खिडकी उघडायची, चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचा आणि दीड ओळीचा इंग्रजी हुकूम एकेक अक्षर शोधत टाइप करायचा. एंटर मारला, ट्रे बाहेर आला, की ऐटीत आमच्याकडे बघायचं.

"अण्णा, बटण आहे ना समोर," मी एकदा म्हणालो.

"बटन त कोंबडीबी चोच मारीसन दाबी! मशीनले हात नही लावाना भो, हुकूम सोडाना."

एखादं अवतरणचिन्ह चुकलं की पडद्यावर लाल अक्षरांचा सडा पडे. "रागे भरनं ते," म्हणत अण्णा चहाला उठत, त्याचा राग उतरेपर्यंत. एकदा एका पाहुण्यानं बोटानं ट्रे उघडला. अण्णांनी तो ढकलून बंद केला आणि हुकूम देऊन पुन्हा उघडला.

"घरमा तेच एक तुमनं ऐकस!" त्यांची बायको शांताजिजी स्वयंपाकघरातून ओरडायची.

मागच्या वर्षी जिजीला लकवा झाला. उजवा हात गेला. पाण्यापासून पदरापर्यंत सगळं मागावं लागे, म्हणून तिनं मागणंच सोडलं. सुरतला दिलेल्या लेकीच्या लग्नाची सीडी ती दुपारी हमखास बघायची, तीही सुटली. ट्रेचं बटण हरभऱ्याएवढं नि ताठ. थरथरत्या डाव्या हाताला दबेना. अण्णा लावून द्यायला गेले, की ती मान फिरवी.

अण्णा बरेच दिवस काळ्या खिडकीशी झगडत होते. मग एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. तो सगळा हुकूम त्यांनी कीबोर्डच्या एकाच कळीत बसवला होता. ओळखू यावी म्हणून कळीवर जिजीची लाल टिकली चिकटवलेली.

"मी हात नही लावस. तुन्ही सीडी तूच लाव," ते म्हणाले.

जिजीनं टिकली दाबली. ट्रे बाहेर आला. सीडी बसवताना एकदा मांडीवर घरंगळली. अण्णा वाकले, तिचे डोळे बघून थांबले. तिनंच ती उचलली, बसवली, ट्रे ढकलला. सनई वाजली, लेक पडद्यावर आली.

"सरका तिकडे," जिजी अडखळत म्हणाली, "मले दिखस नही."

आम्ही दोघं ओट्यावर येऊन बसलो. "पाह्यं ना?" अण्णा उपरण्यानं डोळे पुसत हसले. "हाकली दिधं मले!"

थोड्या वेळानं आत ट्रे पुन्हा उघडल्याचा आवाज आला. अण्णांनी कान दिला, पण उठले नाहीत.