युवराज निहार यांच्यावरील भ्याड हल्ल्याचा जाहीर निषेध

शिवाजी पेठेतल्या संयोगिताला पुस्तके वाचण्याची सवय होती आणि घरच्यांनी ती समजूतदारपणे सोसली होती. शाहूपुरीतल्या पतसंस्थेतून परत आल्यावर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्याउभ्या ती वाचत असे. सध्या पऱ्यांच्या दोन दरबारांतल्या युद्धाची प्रेमकथा चालू होती. चार जाडजूड खंड. तिसऱ्याच्या शेवटी धुके दरबाराचा युवराज निहार भाला लागून दरीत कोसळला, तेव्हा तिला रडू आवरेना, आणि शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

करपल्या भाताच्या वासाने सासरे हंबीरराव आत आले. ते पेठेतल्या तालमीचे माजी अध्यक्ष होते.

"काय झालं गं? कोण गेलं?"

"युवराज, आबा. अंगार दरबारानं पाठीमागनं भाला मारला."

"कुठल्या पेठंचा?"

"पुस्तकातला. पऱ्यांच्या राज्यातला."

हंबीरराव घुटमळले. "पऱ्यांत बाप्ये असत्यात?"

"असतात की. उंचेपुरे, पंखवाले."

"आन् पोटापाण्याचं?"

"लढतात. उरलेल्या वेळात प्रेम करतात."

"म्हंजे कायबी करत न्हाईत," हंबीरराव म्हणाले. पण पाठीमागून वार ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. करपलेला भात कुरकुर न करता खात त्यांनी तिन्ही खंडांची हकिकत ऐकून घेतली. संयोगिता हात नाचवून सांगत होती. लग्न झाल्यापासून या घरात तिचे एवढे बोलणे कोणी सलग ऐकले नव्हते.

सकाळी तालमीच्या कट्ट्यावर त्यांनी विषय काढला. "पोरावर पाठीमागनं वार झालाय आन् आपण गप बसायचं व्हय?"

पोरगा कोणाचा, हे विचारणे कोणालाच शोभले नसते. विद्यमान अध्यक्ष कृष्णात याने तालीम धुके दरबाराच्या पाठीशी असल्याचे जागेवर जाहीर केले. बातमी पलीकडच्या तालमीत पोचताच तिथला अध्यक्ष ऋतुराज याने अंगार दरबाराला पाठिंबा दिला. अंगार दरबार म्हणजे काय, याची त्याला कल्पना नव्हती. धुके कोणी घेतले, एवढे त्याला पुरेसे होते.

संध्याकाळी चौकात निषेधाचा डिजिटल बोर्ड लागला. युवराजाचा फोटो उपलब्ध नसल्याने कृष्णातच्याच फोटोला पंख जोडण्यात आले. समोर लगेच दुसरा बोर्ड चढला. त्यावर कट्ट्यावरच्या चर्चेतून नाव कळलेली अंगार दरबाराची राजकन्या ज्वालिनी होती, 'आमच्या ताईसाहेब' म्हणून. रविवारी दोन्ही तालमींच्या संघांतल्या फुटबॉलच्या सामन्यात "धुकं! धुकं!" आणि "अंगार! अंगार!" अशा घोषणा झाल्या, मग दगड झाले. जखमींपैकी एकाने डोक्याला टाके घालून घेताना डॉक्टरांना हल्ल्याचे कारण 'युवराज दरीत पडला' असे सांगितले.

पोलिसांनी शांतता समितीची बैठक बोलावली. निरीक्षक नवीन होते. त्यांनी विचारले, "वाद मिटवायचा तर आधी कळायला पाहिजे. पुस्तक कोणी वाचलंय?"

समितीच्या स्थापनेपासून प्रथमच सभागृहात शांतता पसरली.

हंबीररावांनी सुनेला बोलावून घेतले. संयोगिता चौथा खंड छातीशी धरून आली. तो तिने सकाळीच संपवला होता आणि कोणाला सांगू, असे तिला झाले होते. ती भरभरून बोलली. भाला अंगार दरबाराचा नव्हताच. तो युवराजाच्या सख्ख्या चुलत्याने मारला होता. दरीतून निहारला वर काढले ते ज्वालिनीने. शेवटी दोघांचे लग्न होते आणि दोन्ही दरबार एक होतात.

"किती गोड शेवट केलाय!" ती म्हणाली.

कृष्णात उठला. "आमचा युवराज त्यांच्यात सोयरीक करणार?"

ऋतुराजही उठला. "आमच्या ताईसाहेबांनी त्या धुक्यात नांदायचं? न्हाय जमणार!"

"एवढे दिवस सगळं सुरळीत चाललंतं," कृष्णात ऋतुराजकडे वळून म्हणाला, "ह्या वाचून आल्या आन् घोळ झाला."

"बरोबर हाय," ऋतुराज म्हणाला.

दोन्ही तालमींचे एकमत झालेले पाहून निरीक्षकांचे डोळे पाणावले. ठराव झाला. चौथा खंड चौकीत जमा करावा, आणि संयोगिताने सार्वजनिक शांततेच्या हितार्थ यापुढे कोणतेही पुस्तक शेवटपर्यंत वाचू नये. सर्वांनी हात वर केले. संयोगिताने सासऱ्यांकडे पाहिले. हंबीररावांचाही हात वर होता. नजर मात्र त्यांनी पंख्यावर ठेवली होती.

घरी जाताना त्यांनी हळूच विचारले, "पंख असल्यावर नवरदेवानं शेरवानी घातली कशी गं?"

"समितीला विचारा, आबा," संयोगिता म्हणाली आणि पुढे चालू लागली. त्या दिवसापासून तिने घरात एकही गोष्ट सांगितली नाही. भात मात्र रोज उत्तम होतो.

आता कथेचा खरा शेवट ठरवण्यासाठी दोन्ही तालमींनी संयुक्त सभा बोलावली आहे. पुस्तक वाचलेल्यांना प्रवेश नाही. बाकी सर्वांना आहे. आपणही अवश्य यावे. त्या चार खंडांतले एकही पान आपण पाहिलेले नाही, आणि तरी हे वाचताना वर कुठेतरी आपली बाजू ठरून गेली आहेच.