गयामावशीकडची डोकी

गयामावशी समोरून येताना दिसली की आमच्या गावातली माणसं आधी कपाळावर हात ठेवत. कारण बोलता बोलता ती कमरेचा दोरा काढायची आणि समोरच्याच्या कपाळाला लावायची. "हालू नोको, मोजून राह्यली मी." मग दोऱ्याला गाठ पडायची आणि गाठीत एक चिंधी. खाकी चिंधी म्हणजे पोस्टमन, पांढरी म्हणजे मास्तर, लाल म्हणजे पाटील. सगळं गाव तिच्या घरात एका खिळ्याला लटकलेलं असे.

मावशी आमची शेजारीण. लग्नाची बाशिंगं करायची. भेंडाची हलकी पट्टी, तिच्यावर चकचकीत बेगड, मणी, मोर. मी तिच्या ओट्यावर बसून मुंडावळ्या ओवायची. फार पूर्वी तिनं केलेलं एक बाशिंग ऐन मंगलाष्टकात नवरदेवाच्या नाकावर घसरलं आणि त्यानं हार नवरीच्या मामाच्या गळ्यात घातला. तेव्हापासून तिचा नियम एकच. "डोक्सं पाह्यल्याशिवाय बाशिंग नाई."

त्या वर्षी कारंज्याच्या बायकांच्या मंडळानं लग्नाच्या सामानाचं प्रदर्शन भरवलं, आणि आम्हालाही एक टेबल मिळालं. आनंदानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आमचा माल गावाबाहेर कधी गेलाच नव्हता. तिथे लोकांना पटला तर कारंज्यातून मागण्या येणार. नाही तर आहेच गावातली वर्षाची पाच-सहा लग्नं.

पण मावशी अडून बसली. "कारंज्याचे डोक्से म्या कुठं पाह्यले व?"

"अंदाजानं करा ना, मावशी."

"अंदाजानं भाजीत मीठ टाकतात. नवरदेव का भाजी हाये?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, तर खिळ्यावरचे सगळे दोरे मुठीत घेऊन ती धावतच आली. "सुमन, टाक तो झाडू! आपल्या गावात साऱ्या जगाचे डोक्से हायेत!"

तिचा हिशेब असा: जगातलं कुठलंही कपाळ आमच्या गावातल्या कोणाच्या तरी कपाळासारखं असणारच. तिनं दहा दोरे निवडले. पाटलांचं सगळ्यात रुंद, कोतवालाचं सगळ्यात चिंचोळं, बाकीची मधली. ही बातमी गावभर झाली आणि मावशीच्या ओट्यावर जत्रा सुरू झाली. जो तो आपलं डोकं कसं होतंय ते पाहायला येई. पाटील तर रोज यायचे.

"काहून व गया, कोतवालाले मोर अन् मले पोपट?"

"तुमाले दोन मोर लावते. पण उजेडातून सरका, पाटील. तुमचं डोक्सं दाराएवढं हाये."

प्रदर्शनाच्या दिवशी मावशीनं बाशिंगांची पेटी एस.टी.च्या टपावर चढवू दिली नाही. कारंज्यापर्यंत ती आमच्या दोघींच्या मांडीवर होती. धर्मशाळेत टेबल मांडलं, दहा बाशिंगं ओळीनं ठेवली. लाजेनं माझी मान वर होईना. मावशीचा आवाज मात्र पार रस्त्यापर्यंत जात होता.

"याले पोस्टमन लागते! अन् हा पोरगा, बाप्पा, हा तर निव्वळ पाटील!"

लोक आधी बिचकले, मग हसले, मग गर्दी झाली. गिऱ्हाईकं आपणच म्हणू लागली, "आमाले मास्तर दाखवा." मी पेन्सिलीनं मागण्या लिहीत होते: मास्तर चार, पाटील दोन, कोतवाल तीन. आनंदानं माझं अक्षर वाकडं येत होतं.

मग मंगरूळकडचा एक उंच पोरगा आला. लग्न परवावर आलेलं, तयारच बाशिंग हवं होतं. पाटील ढिला झाला. कोतवाल टोचला. मास्तर, पोस्टमन, एकेक करून दहाही झाले. एकही बसेना.

"मावशी, तुमच्या जगात एक डोक्सं कमी पडलं!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. पोरगा ओशाळून निघाला.

"थांब," मावशी म्हणाली.

तिनं पेटीच्या तळातून धोतरात गुंडाळलेलं अकरावं बाशिंग काढलं. ते तिनं पेटीत कधी ठेवलं, मला माहीत नव्हतं. पण कोणाचं ते मी पाहताक्षणी ओळखलं. तिचा मुलगा वसंता नागपूरला गिरणीत लागला, त्याच वर्षी तिनं ते त्याच्यासाठी करायला घेतलं होतं. पुढे त्याचं कार्ड आलं. कार्ड मीच वाचून दाखवलं होतं: इकडेच लग्न केलं, काळजी करू नये. तेव्हा मला वाटलं, आता ती ते उसवून मणी दुसरीकडे लावेल.

पोरानं डोकं वाकवलं. मावशीनं बाशिंग बांधलं. त्याच्याच मापानं केल्यासारखं बसलं. मावशीचे हात मात्र गाठीवरून लवकर निघाले नाहीत.

"मस्त बसलं! हे कोनाचं डोक्सं, मावशी?" पोरानं विचारलं.

माझी पेन्सिल थांबली. मावशीनं गाठ सोडली आणि पुन्हा नीट बांधली.

"तुयंच हाये, राजा," ती म्हणाली. आणि लगेच मागच्या गर्दीकडे पाहून ओरडली, "या व, या! कोनाचं डोक्सं पायजे?"