बर्फाच्या कारखान्याचा प्रतीक्षाकक्ष

बर्फाच्या कारखान्यात बर्फ मिळेपर्यंत माणसाने उभं राहावं की बसावं, या प्रश्नाचा मुरुडच्या किनाऱ्यावर आजवर कुणी गांभीर्याने विचार केला नव्हता. मासळीची पाटी रांगेत ठेवायची, ती आपला नंबर धरते, आणि आपण सावलीला बसून शेजारणीच्या सुनेची चौकशी करायची, अशी जुनी अडाणी पद्धत होती. पाट्या पुढे सरकत, अर्ध्या तासात बर्फ मिळे. त्यामुळे ग्राहकाला थांबण्याचा म्हणावा तसा अनुभवच येत नसे.

ही गंभीर उणीव मालक विनेशशेठ यांच्या लक्षात आली ती पनवेलच्या एका व्यवसाय-शिबिरात. ‘ग्राहक जितका सुखाने थांबतो, तितका तो तुमचा होतो,’ असं तिथे त्यांना दुपारच्या जेवणासकट शिकवण्यात आलं. महिनाभरात कारखान्याच्या दर्शनी भागात प्रतीक्षाकक्ष उभा राहिला. मऊ सोफे, मंद बासरी, चार एसी आणि भिंतभर समुद्राचा फोटो. खरा समुद्र त्या भिंतीमुळेच दिसेनासा झाला होता, पण फोटोतला जास्त निळा होता.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी साडेआठला चंद्राबाई तिथे पोचली. मुलाच्या होडीला मोसमात पहिल्यांदाच पापलेट लागलं होतं, चांगल्या दोन पाट्या. सव्वाअकराला व्यापाऱ्याचा टेम्पो सुटणार होता आणि बर्फाशिवाय तो मासळीला हात लावत नसे. या पापलेटावर घरात नवं जाळं यायचं होतं. जुन्यातून मासे आल्या वाटेने परत जात.

काउंटरवरच्या हेमांगीने तिला दारातच थोपवलं.

“आत्या, पाट्या बाहेर. सोफ्याला वास लागतो.”

“अगो बाय, पाटी भायेर ठेवली तर माजा नंबर कोन धरंल?”

“टोकन धरेल.” हेमांगीने सत्तेचाळीस नंबरचा कागद तिच्या हातावर ठेवला.

पाट्या ‘मत्स्य विश्रांती क्षेत्र’ असा फलक लावलेल्या मोकळ्या जागेत, म्हणजे भर उन्हात, विश्रांतीला ठेवण्यात आल्या. चंद्राबाई आत जाऊन सोफ्यावर टेकली ती निम्मी आत बुडाली. कुणीतरी गवती चहा दिला. लाज कशाला बाळगा, तिला फार बरं वाटलं. पहाटे तीनपासून ती पायांवर उभी होती.

दहा वाजले तरी भिंतीवर बाराच नंबर झळकत होता. ती उठून काउंटरशी गेली.

“बरफ कवा मिलंल, बाय?”

“मशीन बंद आहे ना, आत्या. विजेचा मंजूर भार तेवढाच. एसी चालू असले की बर्फाचं मशीन लावता येत नाही.”

“मंग एसी बंद कर.”

“ग्राहक आत बसलेले असताना एसी बंद करायचा नाही, असा शेठचा नियम आहे.”

“तर मंग आमी भायेर जातंव!”

“बाहेर गेलात की टोकन रद्द.”

आवाज ऐकून विनेशशेठ स्वतः बाहेर आले. त्यांनी तक्रार नम्रपणे ऐकून घेतली आणि वहीत टिपली. “खरं आहे, मावशी. थांबायचा वेळ वाढलाय. म्हणजे सोयही वाढवायला हवी. हेमांगी, पाचवा एसी सांग.”

चंद्राबाईचं डोकं फिरलं. “उठा गो सगल्या! आपन भायेर गेलो तरच बरफ व्हईल. चला!”

सोफ्यांवर जराशी चुळबुळ झाली. शेवटी शेजारच्या सोफ्यावरच्या केसर कोळणीने डोळे न उघडता सांगितलं, “बस गो पाच मिन्टं. घरी पंखा पन न्हाय आपल्याकं.”

एकटीने जाऊन उपयोग नव्हता. शिवाय गुडघे ठणकत होते. चंद्राबाई पाच मिनिटं बसली, आणि त्या पाच मिनिटांत तिचा डोळा लागला. जाग आली ती टेम्पोच्या भोंग्याने. धावत बाहेर येईतो टेम्पो वळणाआड गेला होता.

तिने एका पापलेटाचे कल्ले उघडून पाहिले. लालीचा पत्ता नव्हता. अंगावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. जाळं गेलं, मोसमही गेलाच म्हणायचा. तिथेच उन्हात बसून ती रडली.

तेवढ्यात नागावला होमस्टे चालवणारा अल्पेश गाडीतून उतरला. “चंद्रामावशी, देऊन टाक. निम्म्या भावात उचलतो.”

“उतरलीय रं. मी खोटं न्हाय सांगनार.”

“लसूण-मिरची जरा जास्त लावू. माझे पाहुणे मासा कुठे बघतात? बसायला कसं आहे ते बघतात.”

त्या शनिवारी तुम्ही नागावलाच होतात. माडाखालच्या झोपाळ्यावर तुम्हाला पाऊण तास बसवलं, थंडगार कोकम सरबत दिलं, मग पापलेट आलं. पहिल्या घासाला मुलीने नाक मुरडलं तेव्हा तुम्ही तिला समजावलंत, “अगं, ताज्या मासळीला असाच वास येतो.” आणि परतीच्या वाटेवर, पोटात कळ येत असतानाच, पाच तारे देऊन लिहिलंत: ‘बसण्याची व्यवस्था अप्रतिम.’