हवालदाराची आंघोळ

आत्याबाईंनी शिट्टीला आप्पांच्या मांडीवर ठेवलं, शिट्टीवर आपला जुना करडा स्वेटर ठेवला आणि अट घातली.

"रविवारी चारला मी बघायला येईन. ही इथे रमलेली दिसली तर गुरुवारी ऑपरेशन. नाही रमली, तर मी आणि माझा गुडघा, आहोत तसे बरे आहोत."

शिट्टी म्हणजे आत्याबाईंची टेरिअर कुत्री. वजन साडेपाच किलो, त्यातला साडेचार किलो आवाज. आत्याबाई एकट्या, आणि घरात बोलायला हीच. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरांनी तीनदा दिली आणि 'शिट्टीचं कोण बघणार' म्हणून आत्याबाईंनी तीनदा मोडली. शेवटी डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी टाळलं, तर पुढे काठीसुद्धा पुरायची नाही." आई लवकर गेल्यावर आप्पांना या आत्यानेच लहानाचं मोठं केलं होतं. डॉक्टरांचं ते बोलणं ऐकल्यापासून आप्पांना दुसरं काही सुचेना. तसा काळजी करण्यात एरवीही आप्पांचा हात धरणारा कोणी नव्हता.

खरी अडचण घरातच होती. तिचं नाव हवालदार. पिल्लू असताना त्याला झुपकेदार मिशा होत्या म्हणून हे नाव पडलं. मिशा आणि अंग दोन्ही वाढलं, हिंमत तेवढी वाढायची राहिली. मिक्सर सुरू झाला की हा तपकिरी धिप्पाड गडी इस्त्रीच्या टेबलाखाली जाई, आणि मिक्सर धुऊन जागेवर ठेवला तरी बाहेर येत नसे. नऊ वर्षं या घरात तो एकुलता एक होता.

मंगळवारीच आप्पांनी कुत्र्यांच्या डॉक्टरांना गाठलं.

"लगेच समोरासमोर आणू नका," ते म्हणाले. "वेगळ्या खोल्यांत ठेवा. एक टॉवेल हिच्या अंगावर चोळा आणि त्याच्या जेवणाच्या ताटलीखाली घाला. त्याच्या अंगावरचा हिच्या ताटलीखाली. यांची ओळखदेख सगळी नाकाने होते. चार दिवसांनी मोकळ्या मैदानात भेटवा. आणि तो स्वेटर हिच्या अंथरुणात राहू द्या. मालकिणीचा वास असला की धीर येतो."

आप्पांनी सगळं कागदावर लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं आणि घरी येऊन तंतोतंत सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ टॉवेल चोळायचे आणि ताटल्यांखाली घालायचे. पुढे दुकान, मागे घर. दुकान लाँड्रीचं. त्यामुळे आप्पा गिऱ्हाइकांचे कपडे मोजता मोजता मध्येच उठून मागे जात आणि टॉवेल बदलून येत.

गुण मात्र काडीचा येईना. हवालदार आपल्या ताटलीजवळ जाई, टॉवेल हुंगे आणि शिंके. शिट्टी खोलीच्या बंद दाराशी बसून सकाळपासून जी तोंड सोडी ती दुकान बंद होईपर्यंत. स्वेटरवर ती एकदाही निजली नाही. खोलीचे कोपरे हुंगत फिरायची आणि कुणाचं तरी काही हरवल्यासारखी कण्हायची. खाणं अर्ध्यावर आलं. आप्पांचंही अर्ध्यावर आलं. एक गिऱ्हाईक तर भांबावून पावती न घेताच पँट टाकून गेलं.

"अहो, होईल सवय," आप्पांची बायको म्हणाली. तिला सगळे माई म्हणत.

"कधी होईल? रविवार काय आपल्यासाठी थांबणार आहे? आत्याने ही अशी बघितली की झालं! तारीख मोडेल आणि जन्मभर खुर्चीत बसून मलाच बोल लावेल."

शनिवारी मैदानातली भेट झाली. हवालदाराची दोरी आप्पांनी मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळली होती, कारण तो अंगावर धावून गेला तर आवरायला हवा. शिट्टी माईंच्या हातात. पन्नास पावलांवरून शिट्टीने हवालदाराला पाहिलं आणि एकच आरोळी ठोकली. हवालदार धावला खरा, पण उलट्या दिशेने. मैदानाच्या कडेच्या झुडपात चिखल होता, त्यात तो शिरला, आणि मनगटाला वेढे असल्यामुळे आप्पाही शिरले.

घरी आल्यावर खरचटलेलं कोपर पुसायला आप्पांनी हाताला लागला तो टॉवेल घेतला. तो होता ताटलीखालचा. नाकाजवळ आला तसे आप्पा थांबले.

"माई, याला वास कसला येतोय?"

"लव्हेंडरचा. नवीन सॉफ्टनर आहे. का?"

"हा तू धुतलास?"

"मग? नुसते केसच केस होते. रोज दोन्ही धुतेय."

"रोज?"

"इस्त्रीपण करतेय," माई जरा मानाने म्हणाल्या.

तीस वर्षांच्या संसारात या घरात मळलेल्या वस्तूने कधी दुपार पाहिली नव्हती. एकदा एक पाहुणे कोट खुंटीला लावून पाणी प्यायला आत गेले, ते पाणी पिऊन येईतो कोट पाण्यात. इतकंच कशाला, चार दिवस टॉवेलची कडक घडी हातात येत असूनही आप्पांना शंका आली नव्हती, कारण या घरात टॉवेल असतो तो घडीचाच! हवालदाराची शिट्टीशी नव्हे, लव्हेंडरशी ओळख होत होती.

मग आप्पांना दुसरी गोष्ट आठवली आणि त्यांचा आवाज खोल गेला.

"माई... स्वेटर?"

माईंनी त्यांच्या हातातला टॉवेल घेऊन घडी घालायला घेतली.

"माई."

"लोकरीचा होता ना," माई हळूच म्हणाल्या. "म्हणून हाताने धुतला."

आत्याबाईंचा दुसरा एखादा न धुतलेला कपडा मागवायचा, तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणजे संपलंच. आप्पांना त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आत्या जिना चढताना दर पायरीला कशी थांबते, कुणी बघितलं की भिंतीवरच्या चित्राकडे बघतेय असं कसं दाखवते, हेच सारखं डोळ्यापुढे येत राहिलं.

रविवारी माईंनाही राहवेना. आपल्या हातून झालं ते निस्तरायला त्यांना एकच मार्ग ठाऊक होता. दुपारी तीनला त्यांनी पडदे बदलले, चादरी बदलल्या आणि बादली दिसली की टेबलाखाली दडणाऱ्या आणि म्हणून अजून झुडपातला चिखल घेऊन फिरणाऱ्या हवालदाराला न्हाणीघराच्या दाराशी बांधून बादली भरली. टॉवेल आणायला म्हणून शिट्टीच्या खोलीचं दार उघडलं मात्र, त्यांच्या पायांमधून शिट्टी सुटली.

"धरा! अहो, धरा तिला!"

आप्पा धावले. शिट्टीने आधी गादी हुंगली. मग पडदा, मग उशी, मग आप्पांचा पायजमा. सगळीकडे तेच लव्हेंडर. ती कण्हत पुढे गेली आणि न्हाणीघराशी थबकली.

तिथे हवालदार होता. नऊ वर्षांचा, चिखलाचा, महिनाभर पाणी न लागलेला. पळायला जागा नव्हती म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. शिट्टीने त्याच्या मानेत नाक खुपसलं. शिट्टीने एक लांब सुस्कारा टाकला, हवालदाराच्या पुढच्या दोन पायांमध्ये स्वतःभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि अंग टाकलं. पाच दिवसांची जागी ती, अर्ध्या मिनिटात घोरायला लागली. हवालदाराने एक डोळा उघडला, परिस्थिती पाहिली आणि भीतीने असो की मायेने, हनुवटी तिच्या पाठीवर टेकली.

तेवढ्यात माईंनी भरलेला तांब्या उचलला.

"धुऊ नकोस!" आप्पा दबक्या आवाजात ओरडले.

"अहो, चिखल आहे. आत्या काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. पाया पडतो तुझ्या. या घरात वास येणारा तेवढा एकच शिल्लक राहिलाय!"

माईंनी तांब्या खाली ठेवला आणि हवालदाराची दोरी सोडली. मळलेली वस्तू तशीच सोडून जायची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे जाताना त्यांनी तिकडे बघायचं टाळलं.

चारला आत्याबाई आल्या. दुकानाच्या दर पायरीला थांबत आल्या. बैठकीच्या खोलीत नव्या चादरीवर चिखलाने माखलेला हवालदार आडवा होता आणि त्याच्यामागे येऊन पुन्हा त्याच्या कुशीत शिरलेली शिट्टी.

"बघ आत्या!" आप्पांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा रक्त दिसलं. "रमली की नाही?"

"शिट्टे," आत्याबाईंनी हाक मारली.

शिट्टीने एक डोळा उघडला, झोपल्या झोपल्या शेपटी दोनदा हलवली आणि डोळा मिटला. आत्याबाई हळूच खुर्चीत बसल्या.

"पाच दिवसांत विसरली मला."

"छे गं! दमलीय ती."

"का दमली? झोपली नव्हती का?"

"नाही... म्हणजे झोपली ना, छान झोपली!"

"छान झोपली?" आत्याबाईंचे डोळे भरून आले. "माझ्याशिवाय?"

"म्हणजे रमलीय आत्या," माई मदतीला धावल्या, "पण तशी फार नाही रमलेली."

आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पिशवीतून फोन काढून आप्पांपुढे धरला. "हॉस्पिटलात डॉक्टरांना लाव."

"आत्या, एकदा माझं ऐक." आप्पांनी फोन घेतलाच नाही. "कुत्रीला काय हवं ते राहू दे. मला तू चालताना हवी आहेस गं. तू जिन्यात थांबतेस ना, तेव्हा मला बघवत नाही."

आत्याबाईंनी फोन आणखी पुढे केला.

"फोन लाव म्हटलं ना."

आप्पांनी फोन लावून दिला.

"डॉक्टर, गुरुवारचं रद्द करा," आत्याबाई म्हणाल्या. आप्पा होते तिथेच भिंतीला टेकले. "गुरुवारपर्यंत काय वाट बघत बसू? उद्या करा. हो, उद्याच. इथे माझी कुत्री तासातासाला परकी होतेय आणि तुम्ही मला तारखा काय सांगता? आणि पुन्हा चालायला लागायला किती दिवस म्हणालात? दोन महिने? छे, दोन महिन्यांत तर ही मला दारातून आत घ्यायची नाही. महिन्यात बसवा."