पंचवीसपैकी पंचवीस

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या अपार्टमेंटमध्ये सख्खा भाऊ बहिणीकडं शेतातल्या आल्याचं पोतं घेऊन आला, तर त्याला सोळा मार्क मिळतात. धोक्याचे! देणारे कोण? तिसऱ्या मजल्यावरचे काळे अण्णा.

अण्णा एका कंपनीच्या गेटवर सुरक्षा अधिकारी होते. रिटायर व्हायच्या आधी कंपनीनं त्यांना तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, धोका कसा मोजायचा याचं. शक्यता पाचपैकी किती, नुकसान पाचपैकी किती, करा गुणाकार. ते शिकले, आणि आमच्या डोक्याला ताप झाला. "अंदाज नाय चालत, ताई. पद्धत लागती," हे त्यांचं पालुपद. दूधवाला सहा. माझं हळदीकुंकू वीस! का, तर "अनोळखी बाया लई, अन् दार सताड उघडं." भाऊ पिशोरहून आला, तर त्याला अण्णांनी आमच्या बिल्डिंगच्या गेटवरच पोतं रिकामं करायला लावलं. मी म्हटलं, "अहो, आलं आहे ते!" तर म्हणे, "आता कळलं. मघाशी कुठं म्हाईत होतं?"

तेही मी गिळलं. पण सोमवारी त्यांनी नोटीस बोर्डावर लिहिलं: 'फ्लॅट पाच, पंचवीसपैकी पंचवीस.' आमचा फ्लॅट! सासूबाई दुपारी दार उघडं ठेवून बसतात म्हणून. जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे, एवढाच त्या माउलीचा विरंगुळा. साऱ्या बिल्डिंगनं ते वाचलं. सासूबाईंनी शरमेनं दार लावून घेतलं. चार दिवस झाले, धड जेवेनात की बोलेनात.

माझं डोकंच फिरलं. तरातरा वर गेले. अण्णांचं दार नुसतं लोटलेलं, कडी तुटलेली.

"वा रे वा! आणि तुमच्या घराचे किती मार्क?"

"शून्य."

"कडी नाही, अन् शून्य?"

"शक्यता पाच हाय की. नुकसान शून्य." अण्णा खुर्चीतून उठले. खोलीत ती एकच खुर्ची होती. "बायको गेली. पोरगी पुण्याला. आता कुणी काय नेणार, ताई? कशानंबी गुणा."

आले होते भांडायला, आणि भांडणच विसरले! त्याचाही मला रागच आला.

"मला काही सांगू नका," मी ओरडले. "उद्यापासून दुपारी आमच्याकडं येऊन बसायचं. दार उघडंच राहील. सासूबाई बोलतील, तुम्ही राखण करा."

मला वाटलं, आता कागद काढून गुणाकार मांडतील.

अण्णा म्हणाले, "किती वाजता येऊ?"