नानांचं दगडफूल

आमच्या शेजारच्या नानांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची: दगडफूल आणि बेडूक. दगडफूल म्हणजे दुर्मीळ, सावकाश वाढणारं, शुद्ध हवा लागणारं आणि मुख्य म्हणजे गप्प. बेडूक म्हणजे उरलेली सगळी रत्नागिरी. मी अर्थातच बेडूक. माझा भाऊ मुंबईला असतो आणि कधी फोन करत नाही, म्हणून त्याला बढती मिळायची शक्यता आहे.

नाना विज्ञानाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांना देवराईतल्या एका ऐनाच्या खोडावर राखाडी पापुद्रे दिसले आणि त्यांचा जन्म सार्थकी लागला. एकदा दर्शनाला मलाही नेलं. मी बराच वेळ खोडाकडे बघत उभा राहिलो. काहीही घडलं नाही.

“शेवाळ आणि बुरशी रे,” नाना म्हणाले. “दोघं एका सालीवर जन्म काढतात, पण अवाक्षर नाही. याला संसार म्हणतात. नाहीतर आमच्याकडे. न्हाणीत एक बेडूक, स्वयंपाकघरात दुसरा.”

दुसरा म्हणजे माई, त्यांची बायको. माई बोलायला लागल्या की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, एवढं मात्र खरं.

नानांनी फोटो पुण्याच्या एका तज्ज्ञांना पाठवला. हे फारच दुर्मीळ दिसतंय, पण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, येतो, असं त्यांनी कळवलं. नानांनी ताबडतोब सदरा इस्त्रीला टाकला आणि आम्हा बेडकांशी बोलणं आणखी कमी केलं.

तज्ज्ञ यायच्या आदल्या दिवशी मी नानांकडे जेवायला होतो. माईंनी आमटी वाढली.

“कशी झालीय? मसाला नवीन आहे हो. तुमचंच दगडफूल घातलंय. इतकी वर्षं त्याचं कौतुक ऐकत्येय, म्हटलं एकदा तुमच्या पोटात जाऊदे. पार खरवडून आणलं, वाळवलं. राईतलं पान उचलायचं नसतं, म्हणून नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं देवाला.”

देवाची परवानगी घेतली होती. नानांची घ्यायचं काही त्यांना सुचलं नव्हतं.

मी पानातली मिरची निरखत बसलो. आता नाना घर डोक्यावर घेणार, अशी माझी खात्री होती. नानांनी भात कालवला, एक घास खाल्ला.

“बरी झालीय. वाढ आणखी,” ते म्हणाले.

जेवण झाल्यावर त्यांनी अंगणात जाऊन पुण्याला फोन लावला. “साहेब, येऊ नका. ओळखण्यात माझीच चूक झाली. साधंच निघालं.”

“नाना, असं का सांगितलंत?” मी विचारलं.

“तिच्याजवळ बोलू नको हो. गुडघे दुखतात तिचे, तरी चढण चढून गेली माझ्यासाठी. कळलं तर गप्प होईल. मुलगा परदेशी गेला तेव्हा झाली होती गप्प. तेव्हा मला त्या घरात पाऊल टाकवत नसे रे.”